शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांचे अल्पचरित्र

वैशाख महिन्यात खालापूर तालुक्यातील डोंगर करवंदांनी काळे होतात, आणि शाळेला सुटी असल्यामुळे आमचे बहुतेक विद्यार्थी त्या वेळी करवंदीच्या जाळ्यांतच असतात. जून महिन्यात शाळा उघडते तेव्हा त्यांपैकी दोघेचौघे तरी लंगडत वर्गात येतात. काटा टाचेत मोडलेला असतो; घरी आजीने रुईचा चीक लावलेला असतो अथवा जवसाचे पोटीस बांधलेले असते; आणि काट्याभोवतालची जागा लाल, गरम व टणक झालेली असते. पुढे दोनतीन दिवसांनी तेथे पू धरतो व पुष्कळदा त्या पुवाबरोबर काटा आपोआप बाहेर पडतो. हा पू म्हणजे काय, असे आम्ही वर्गात विचारले असता घाण, नासलेले रक्त, अंगातील उष्णता, अशी उत्तरे मिळतात. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी युरोपातील नामांकित वैद्यांची समजूतही याहून फार निराळी नव्हती. ती समजूत ज्या पुरुषाने पालटविली त्याचे कार्यही एका काट्यापासूनच सुरू झाले; म्हणून त्याचे चरित्र यंदाच्या अंकात देण्याचे आम्ही योजिले आहे. (ज्यांच्या पायात काटा गेला असेल त्यांनी हे चरित्र वाचण्यापूर्वी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताची सुई टोचून घ्यावी. रुईच्या चिकाने धनुर्वात टळत नाही.)

इल्या इलिच मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ सालच्या मे महिन्यात, त्या काळी रशियन साम्राज्यात असलेल्या व हल्ली युक्रेन देशात मोडणाऱ्या खार्कॉव्ह शहरानजीकच्या एका खेड्यात झाला. वडील बादशाही लष्करातील अधिकारी होते. आई एका यहुदी लेखकाची कन्या. पाच भावंडांत इल्या हे शेंडेफळ. लहानपणी त्यांना वनस्पती व किडे यांचे इतके वेड होते की, आपले व्याख्यान ऐकण्यासाठी ते भावंडांना आपल्या खाऊच्या पैशांतून पैसे देत, असे सांगतात. शिक्षकांनाही हा उपाय कधी कधी मोह पाडील, परंतु तो परवडणारा नाही. खार्कॉव्हच्या विद्यापीठातील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत उरकला, आणि १८६४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते पदवीधर झाले.

त्यानंतर जर्मनी व इटली या देशांत राहून त्यांनी समुद्रातील क्षुद्र प्राण्यांचा अभ्यास केला. या काळातील एकच गोष्ट येथे सांगितली म्हणजे पुरे. १८६५ साली जर्मनीतील गीसेन गावी एका चपट्या किड्याचे निरीक्षण करीत असता त्यांना असे दिसले की, त्या किड्याच्या अंगातील पेशी अन्नाचे कण स्वतःच गिळतात व आपल्या पोटातच जिरवितात. आपण शाळेत अमीबाविषयी शिकतो तशीच ही रीत. एकपेशीय प्राण्याने असे खावे यात नवल नाही. परंतु अनेक पेशींच्या शरीरात राहणाऱ्या पेशीनेही ही जुनी सवय सोडलेली नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात रुजून राहिली. तिला अंकुर फुटण्यास सतरा वर्षे लागली.

ती सतरा वर्षे सुखाची नव्हती. काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा येथे त्यांना विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकविण्याचे काम मिळाले. १८६९ साली त्यांचा विवाह झाला; परंतु वधू लुडमिला ही क्षयाने इतकी खंगली होती की तिला खुर्चीत बसवून देवळात न्यावे लागले. चार वर्षे त्यांनी तिची शुश्रूषा केली. औषधपाण्याच्या खर्चासाठी भाषांतरे केली, हवापालटासाठी तिला दूरच्या मदीरा बेटावर नेले; आणि १८७३ साली तेथेच ती निवर्तली. त्याच सुमारास त्यांचे डोळेही बिघडून सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहणे अशक्य झाले होते. पत्नी नाही, काम नाही, अशा स्थितीत त्यांचे मन इतके खचले की त्यांनी स्वतःच्या प्राणावर उठण्याचा प्रयत्न केला.

हा भाग मुलांच्या मासिकात घालावा की नाही, याविषयी आम्ही बराच विचार केला. परंतु ज्यांचे नाव पुढे जगभर झाले त्यांच्या आयुष्यात असा अंधार कधी नव्हताच असे भासविणे हे आम्हांस खोटेपणाचे वाटले. आमच्या वर्गांतही हसऱ्या चेहऱ्याने बसलेले एखादे मूल आतून खचलेले असू शकते, आणि त्याने घरी अथवा आमच्यापाशी मन मोकळे केले तर त्यास रागे भरणार कोणी नाही. मेचनिकॉफ त्या प्रसंगातून वाचले. जिनीव्हा शहरी एका संध्याकाळी नदीच्या पुलावर दिव्याभोवती घिरट्या घालणारे, काही तासांचेच आयुष्य असलेले किडे त्यांनी पाहिले. ज्या जीवाला जगण्यास एक दिवसही मिळत नाही त्यास डार्विनचा निवडीचा नियम कसा लागू पडत असेल, असा प्रश्न त्यांच्या मनात आला. आणि त्या प्रश्नाचा विचार करता करता ते पुन्हा आपल्या शास्त्राकडे वळले. डोळे हळूहळू सुधारले. १८७५ साली त्यांनी ओल्गा नावाच्या तरुण मुलीशी विवाह केला. तिने पुढे चाळीस वर्षे त्यांच्या कामात हातभार लाविला व त्यांच्यामागून त्यांचे चरित्रही लिहिले. ओल्गाच्या विषमज्वरानंतर १८८१ साली त्यांच्यावर निराशेचा तसाच आणखी एक प्रसंग ओढवला व तोही टळला. त्याच वर्षी रशियाच्या बादशहाचा खून झाला, विद्यापीठात सरकारचा हस्तक्षेप वाढला, आणि १८८२ साली त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला.

आता ते बेकार होते, पण मोकळे होते. ओल्गाच्या आईवडिलांच्या पश्चात तिच्या धाकट्या भावंडांचा भार या दांपत्यावर आला होता व थोडीबहुत मालमत्ताही हाती आली होती. हा सगळा परिवार घेऊन ते इटलीच्या दक्षिणेस सिसिली बेटावरील मेसिना शहरी, समुद्राकाठच्या एका घरात जाऊन राहिले. तेथील समुद्रात सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याजोग्या जीवांची रेलचेल होती.

१८८२ सालचा डिसेंबर महिना. नाताळ जवळ आला होता. एके दिवशी घरातील सर्व मंडळी माकडांचे खेळ पाहण्यासाठी सर्कशीला गेली व मेचनिकॉफ एकटेच आपल्या यंत्रापाशी बसले. यंत्राखाली तारामाशाचे डिंभ, म्हणजे नुकतीच अंड्यातून निघालेली पिले होती. ही पिले काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे आत काय चालले आहे ते त्यांना न कापता दिसते. त्यांच्या अंगात इकडून तिकडे सरपटणाऱ्या काही पेशी होत्या. त्या पाहता पाहता त्यांच्या मनात असा विचार चमकून गेला की, गीसेनच्या किड्यातील पेशी जसे अन्न गिळत तशाच या पेशी बाहेरून घुसलेल्या शत्रूला गिळीत असतील तर? तसे असेल तर या प्राण्याच्या अंगात एखादे कुसळ खुपसले असता, माणसाच्या बोटात काटा गेल्यावर होते तसेच काही येथेही झाले पाहिजे. आणि या प्राण्याला तर रक्त नाही, रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूंचे जाळेही नाही!

त्यांच्याने बसवेना. ते खोलीत येरझारा घालू लागले व पुढे समुद्रकाठी जाऊन हिंडून आले. घराच्या लहानशा बागेत थोड्याच दिवसांपूर्वी एका संत्र्याच्या झाडाला नाताळासाठी मुलांनी शृंगारले होते. त्याच बागेतील गुलाबाचे बारीक काटे त्यांनी तोडून आणले आणि पाण्यासारख्या स्वच्छ अशा त्या डिंभांच्या त्वचेखाली खुपसले. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच यंत्रापाशी जाऊन पाहतात तो प्रत्येक काट्याभोवती त्या फिरत्या पेशींचा दाट गराडा पडलेला! कोणी त्यांना वाहून आणले नव्हते. वाहून आणण्यास तेथे रक्तच नव्हते. त्या आपल्या आपण चालून आल्या होत्या.

यात एवढे मोठे काय, असे वाचकांस वाटेल. लाली, सूज, उष्णता व वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन काळापासून ग्रंथांत लिहिलेली होती. जखमेच्या जागी पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतात, हेही जर्मन पंडित कोनहाइम याने १८६७ साली जिवंत बेडकावर यंत्राखाली पाहून सिद्ध केले होते. परंतु त्याच्या मते दोष होता तो रक्तवाहिनीच्या भिंतीचा. ती दुखावून सच्छिद्र होते आणि पाझरणाऱ्या मडक्यातून पाणी झिरपावे तशा पेशी बाहेर येतात. या पेशींच्या पोटात जंतू सापडत, तेही अनेकांनी पाहिले होते; पण त्यावरून निष्कर्ष असा निघे की, पांढऱ्या पेशी या जंतूंच्या वाहनासारख्या असून त्यांच्यामार्फत रोग शरीरभर पसरतो. म्हणजे दृश्य सर्वांनी तेच पाहिले होते. घराबाहेर धावणारी माणसे पाहून कोणी म्हणावे की घर गळते आहे, तसे झाले होते. ती माणसे चोरामागे धावत आहेत हे प्रथम मेचनिकॉफ यांनी सांगितले.

योगायोगाने त्या वेळी जर्मनीचे महापंडित फिर्खो मेसिनास आले होते. त्यांनी हा प्रयोग पाहून उत्तेजन दिले, परंतु वैद्यशास्त्रात याच्या नेमके उलट शिकविले जाते, तेव्हा जपून बोलावे, अशी सूचनाही केली. १८८३ साली मेचनिकॉफ यांनी आपले मत प्रसिद्ध केले व व्हिएन्ना येथील एका मित्राच्या सूचनेवरून या पेशींस ग्रीक भाषेतील नाव दिले. त्याचा अर्थ भक्षकपेशी.

तारामासा हा काही रोगी नव्हता. तेव्हा खऱ्या रोगाचा पुरावा हवा होता. तो त्यांना पाण्यातील पिसूत सापडला. डॅफ्निया नावाचा हा जीव पावसाळ्यानंतर आमच्याकडील तळ्याडबक्यांतही सापडतो. मोठ्या भिंगाने पाहिले तर त्याचे हृदय धडधडताना दिसते. त्याला एका किण्वाचा रोग होतो. त्या किण्वाचे सुईसारखे अणकुचीदार बीजाणू त्याच्या आतड्याला टोचून अंगात शिरतात. मेचनिकॉफ यांनी पाहिले की, बीजाणू शिरताच भक्षकपेशी त्यांना वेढून गिळतात, आणि गिळलेले बीजाणू विरघळून जातात. ज्या पिसूत पेशी वेळेवर पोहोचल्या ती जगली. ज्या पिसूत बीजाणूंना कोंब फुटले ती मेली. रोग व आरोग्य यांचा सामना असा डोळ्यांदेखत चाललेला याआधी कोणी पाहिला नव्हता. हा निबंध १८८४ साली प्रसिद्ध झाला.

ओडेसा येथे १८८६ साली जंतुशास्त्राची संस्था निघाली व तिचे प्रमुखपद त्यांना मिळाले. परंतु ते पदवीधर वैद्य नसल्यामुळे गावातील वैद्य त्यांना जुमानीनात, आणि त्यांच्या गैरहजेरीत संस्थेने तयार केलेल्या लशीने हजारो मेंढ्या दगावल्या. तेव्हा १८८८ साली ते पॅरिसला गेले. लुई पाश्चर यांनी आपल्या नव्या संस्थेत त्यांना प्रयोगशाळा दिली आणि उरलेले सर्व आयुष्य त्यांनी तेथेच घालविले.

याच वेळी आपल्या मुंबईचा धागा या चरित्रात येऊन मिळतो. ओडेसाला मेचनिकॉफ यांचा एक विद्यार्थी होता, वाल्डेमार हाफकिन. यहुद्यांवर दंगलखोरांनी हल्ले केले त्या वेळी आपल्या लोकांच्या रक्षणासाठी तो पुढे झाला, जखमी झाला आणि तुरुंगात पडला. मेचनिकॉफ यांच्या रदबदलीने त्याची सुटका झाली. यहुदी असल्यामुळे रशियात त्यास योग्य जागा मिळेना. पुढे गुरूने त्यास पाश्चर संस्थेत बोलावून घेतले. परंतु जागा मिळाली ती ग्रंथालयातील साहाय्यकाची. दिवसा पुस्तके सांभाळावी व उरलेल्या वेळी प्रयोग करावे, असा त्याचा क्रम होता. १८९२ साली त्याने पटकीची लस तयार करून प्रथम स्वतःस टोचून घेतली आणि १८९३ साली तो हिंदुस्थानात आला. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला. लाखो माणसे शहर सोडून निघाली, आणि त्यांतील कितीतरी आपल्या कर्जतवरूनच बोरघाट चढून देशावर गेली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत दाखल झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत तीन महिने खपून त्याने प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्याने स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांचे आजोबापणजोबा गिरणगावात राहिले असतील त्यांनी ते आवार पाहिलेच असेल.

पॅरिसमध्ये मेचनिकॉफ यांच्यापुढे मोठा वाद वाढून ठेवला होता. बर्लिनमध्ये कॉख यांच्या शिष्यांनी निराळाच पक्ष उभारला. १८९० साली बेरिंग व जपानी संशोधक किटासाटो यांनी दाखविले की, रोगातून उठलेल्या प्राण्याच्या रक्तातील नुसते पाणी, ज्यात एकही पेशी नाही, तेसुद्धा घटसर्पाचे व धनुर्वाताचे विष मारते. मग पेशींचे काम काय? १८९४ साली फायफर याने पटकीचे जंतू गिनीपिगच्या पोटात पेशींच्या मदतीवाचून विरघळताना दाखविले. असा एकेक प्रयोग प्रसिद्ध होई आणि मेचनिकॉफ अस्वस्थ होऊन रात्रंदिवस त्याच्या उलट पुरावा शोधू लागत. सभांमध्ये ते तावातावाने बोलत; केस विस्कटलेले, खिसे कागदांनी फुगलेले. आम्हांस असे वाटते की या वादात त्यांचा थोडा हेकाही होता. रक्तातील गुणकारी द्रव्ये खरी आहेत हे मान्य करण्यास त्यांनी फार वेळ लाविला, आणि ती मेलेल्या भक्षकपेशींतूनच बाहेर सांडलेली असली पाहिजेत असे ते म्हणत राहिले. परंतु एक गोष्ट त्यांच्या पदरी टाकली पाहिजे. बोर्दे नावाच्या तरुण बेल्जियन शिष्याने खुद्द त्यांच्याच प्रयोगशाळेत, विरुद्ध पक्षाला बळ देणारे शोध लाविले. गुरूने त्यास अडविले नाही. त्या बोर्दे यांसही पुढे १९१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वादाचा निकाल कोणाही एकाच्या बाजूने लागला नाही. १९०३ साली लंडनमध्ये अल्मरॉथ राइट यांनी दाखविले की, रक्तद्रवातील काही द्रव्ये जंतूंना चिकटतात आणि मग भक्षकपेशी त्यांना अधिक चटकन गिळतात. त्यांनी या द्रव्यांस ग्रीक भाषेतील जे नाव दिले त्याचा अर्थ आपल्या तोंडीलावण्याच्या जवळचा आहे. कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही, बरोबर ठेचा असला की उतरते, तसेच हे. १९०८ सालचे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ व दुसऱ्या पक्षाचे धुरीण पॉल एर्लिख या दोघांत वाटून देण्यात आले. त्याच वर्षी २८ डिसेंबर रोजी भूकंपाने मेसिना शहर जमीनदोस्त झाले.

आता जो प्रश्न मेचनिकॉफ यांना सुटला नव्हता त्याकडे वळू. पेशी चालते हे त्यांनी पाहिले. पण तिला ना पाय, ना स्नायू, मग ती चालते कशी? हे उलगडण्यास पुढची शंभर वर्षे लागली, आणि उत्तर सापडले ते आपल्या दंडाच्या मांसात. मायोसिन नावाचे प्रथिन स्नायूंतून १८६४ सालीच, म्हणजे मेचनिकॉफ पदवीधर झाले त्याच वर्षी, जर्मनीत कुने या संशोधकाने वेगळे काढून त्याला ते नाव दिले होते. अ‍ॅक्टिन हे दुसरे प्रथिन हंगेरीतील सेगेड येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्ट्राउब यांनी शोधिले. अ‍ॅक्टिनचे बारीक दोर आणि ते ओढणारे मायोसिनचे हात, अशा जोडीने स्नायू आखडतो. विहिरीवर घागर ओढणारी बाई हाताआड हात टाकून दोर खेचते, अगदी तसे मायोसिन करते. प्रत्येक खेचीला पेशीतील इंधनाचा, ज्यास एटीपी म्हणतात त्याचा, एक कण खर्च होतो. अशा प्रथिनांस आज चालक प्रथिने म्हणतात. ही जोडी स्नायूंतच नव्हे तर इतर पेशींतही, पांढऱ्या पेशींतही आहे, असे पुढे आढळून आले.

तेव्हा टाचेत काटा रुतल्यावर काय होते ते आज असे सांगता येते. दुखावलेल्या जागेतून रासायनिक द्रव्ये बाहेर पडतात. तेथील रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून लाली व उष्णता; द्रव पाझरतो, म्हणून सूज. वाहिनीच्या आतल्या अस्तरावर चिकट रेणू वर येतात आणि रक्ताच्या ओघात धावणारी पांढरी पेशी तेथे अडखळून अस्तरावरून गडगडू लागते, मग थांबते, चपटी होते आणि अस्तराच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते. एकदा बाहेर आली की द्रव्याचा वास जिकडून अधिक तिकडे तिचे तोंड. पुढच्या बाजूस ती अ‍ॅक्टिनचे दोर भराभर विणते. गवंड्याने पुढे विटा रचीत जावे आणि मागच्या काढून घ्याव्यात, तसे हे दोर पुढे वाढतात व मागे सुटतात, आणि त्या रेट्याने पेशीचे आवरण पुढे ढकलले जाते. मागच्या बाजूस मायोसिन काम करते. ते अ‍ॅक्टिनचे जाळे आवळून शेपटीकडील भाग जमिनीपासून सोडविते व पुढे दाबते. प्रयोगशाळेत मायोसिनचे काम औषधाने थांबविले असता असे दिसते की, पेशीचे तोंड पुढे जाते पण शेपूट मागेच चिकटून राहते व पेशी लांबच लांब ताणली जाते. अरुंद फटीत तर तिचे केंद्रकच अडकून बसते. म्हणून की काय, या पेशींचे केंद्रक सलग गोळा नसून तीनचार मण्यांच्या माळेसारखे असते, आणि वाकड्या वाटेनेही ते निभावून जाते. काही चालक प्रथिने आतल्या आत ओझी वाहतात. जंतू गिळला की तो ज्या पिशवीत बंद होतो ती पिशवी डायनीन नावाचा हमाल ठरलेल्या नळीवरून पेशीच्या मध्याकडे ओढून नेतो, आणि तेथे पाचकरसांच्या पिशव्या तिच्याशी मिळतात.

वेग विचाराल तर मिनिटाला सुमारे १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटराचा शंभरावा भाग. गोगलगायही हसेल, पण पेशीची स्वतःची लांबी तेवढीच आहे. प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत अशा पेशी रोज सुमारे १० हजार कोटी तयार होतात व थोड्याच काळात खपतात. पू म्हणजे मुख्यतः त्यांचीच प्रेते. आमच्या विद्यार्थ्यांच्या टाचेतील त्या पिवळ्या थेंबाकडे आम्ही हल्ली निराळ्या नजरेने पाहतो.

पू न होणे ही गोष्ट चांगली वाटते, पण तसे नाही. क्वचित एखादे बालक असे जन्मते की त्याच्या पांढऱ्या पेशींवर अस्तराला धरून थांबण्याचे रेणूच नसतात. रक्तात पेशी हव्या त्याहून किती तरी अधिक असतात, आणि जखमेत एकही पोहोचत नाही. अशा बालकाची नाळ आठवडे उलटले तरी गळत नाही. जखमा चिघळतात, पण त्यांत पू धरत नाही. आणि उपचार न झाल्यास साध्या जंतूनेही ते दगावते. निरोगी दात्याची अस्थिमज्जा मिळाली तर ते बरे होऊ शकते. अशा बालकांच्या रक्ताची परीक्षा परळ येथेच, के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्थेत होते. नाळ तीन आठवड्यांनंतरही गळली नाही तर दवाखान्यात दाखवावे, एवढे पालकांनी ध्यानात ठेवलेले बरे.

मेचनिकॉफ यांच्या उतारवयाविषयी थोडके सांगून हे चरित्र पुरे करू. म्हातारपण हाही एक रोग असून मोठ्या आतड्यातील कुजक्या जंतूंमुळे तो लवकर येतो, असे त्यांचे मत बनले. बल्गेरियातील शेतकरी दीर्घायुषी असतात व ते आंबट दूध पितात, असे वाचून त्यांनी तेथील दह्याचे जंतू मिळविले, स्वतः रोज तसले दूध पिऊ लागले व त्याविषयी ग्रंथ लिहिला. युरोपात दह्याची एकच धूम उडाली. आमच्याकडे ज्या घरी एक तरी म्हैस आहे त्या घरी दह्याची थोरवी सांगण्यास पॅरिसचा पंडित नको होता. दही आतड्यांस हितकर आहे ही गोष्ट निराळी. परंतु त्यामुळे म्हातारपण टळते हे त्यांना सिद्ध करता आले नाही, आणि मेसिनास काटा खुपसून पाहणाऱ्या या माणसाने येथे मात्र पुराव्याआधीच निष्कर्ष काढिला, असे आम्हांस म्हणावे लागते.

१९०९ साली ते रशियात जाऊन लिओ टॉलस्टॉय यांना भेटले. शास्त्राने माणूस सुखी होईल असे एकाचे मत, धर्माचरणावाचून होणार नाही असे दुसऱ्याचे. दोघांनी एकमेकांचा आदर केला व दोघेही आपापल्या मतावर राहिले. आम्ही कोणत्या बाजूस आहोत हे आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. तरी त्या भेटीच्या वेळी दाराआड उभे राहून ऐकण्यास मिळाले असते तर बरे झाले असते, असे वाटते.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले. प्रयोगशाळेतील तरुण रणांगणावर गेले व संस्था ओस पडली. ज्या जर्मन पंडितांशी आयुष्यभर वाद केला, त्यांच्या आणि आपल्या देशातील मुले एकमेकांस मारीत आहेत, हे पाहून मेचनिकॉफ यांचे आधीच दुबळे झालेले हृदय आणखी खचले. शेवटच्या आजारात त्यांनी स्वतःच्या लक्षणांची टिपणे ठेविली, आणि मरणोत्तर आपले शरीर तपासून पाहावे असे मित्रांस सांगून ठेविले. १५ जुलै १९१६ रोजी पॅरिस येथे, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन करून रक्षा एका कलशात ठेवण्यात आली. तो कलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात आहे; त्याच संस्थेच्या ग्रंथालयात साहाय्यकाची जागा देऊन हाफकिन यांना त्यांनी एके काळी बोलावून घेतले होते.